गाभण गाईचा वाटा



आपल्या या पत्रात ऊसलागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या, खतांचे हप्ते यांवर पुष्कळ लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण ज्याच्या रानात ऊस आहे त्याच्या दारात बहुतेक करून दावणही आहे. उसाचे बिल यायचे तेव्हा येते. मीठ-मिरची, पोरांची फी, दवाखाना हे सगळे दुधाच्या बिलावर चालते. तेव्हा गोठ्याविषयी चार शब्द लिहिले तर ते अस्थानी होऊ नयेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या दोन महिन्यांत गाईला सर्वांत जास्त जपायला हवे, नेमक्या त्याच दोन महिन्यांत आपण तिच्या गव्हाणीतले काढून घेतो. ते दोन महिने म्हणजे विण्यापूर्वीचे. आणि याला एकटा शेतकरीच जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या संस्थांची हिशेबाची रीतही तितकीच जबाबदार आहे.

कसे ते पाहा. गाय सात महिन्यांची गाभण झाली की आपण तिला आटवतो. आटवायलाच हवे, पुढच्या वेतासाठी कासेला दोन महिने विसावा लागतो. पण दूध आटले की त्याच दिवशी खुराकही आटतो. घरात कुणीतरी म्हणतेच, "दूध न्हाई तर पेंड कशाला? ऱ्हाऊ दे आता वाळल्यावर." ती पेंड मग शेजारच्या दुभत्या गाईपुढे जाते. यात कुणाची दुष्टाई नाही. बहुतेक ठिकाणी दूध संस्थेकडून पेंडीचे पोते मिळते ते दुधाच्या बिलातून कापून घ्यायच्या बोलीवर. दूध बंद म्हणजे बिल बंद, बिल बंद म्हणजे उधारी बंद. संस्थेच्या वहीत त्या दोन महिन्यांपुरती ती गाय जिवंतच नसते म्हणा ना! आणि त्याच दोन महिन्यांत तिच्या पोटात काय चालले आहे, ते वहीला कुठून कळणार?

गाईचे गाभणपण सुमारे २८० दिवसांचे. पहिले सहा महिने वासरू फारसे मागत नाही. वासराच्या जन्मवजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग भरतो तो शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे भाकरी मागणारे तोंड मोठे होते ते शेवटी शेवटी. पण गंमत अशी, की त्याच वेळी गाईची खाण्याची ताकद कमी होते. गर्भाशय वाढून पोटातली जागा अडवते, कोठीपोट दाबले जाते, शरीरातले अंतःस्रावही बदलतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाय आपोआप कमी खाऊ लागते आणि शेवटच्या आठवड्यात तर खाणे चांगलेच उतरते. गरज चढते आणि घास उतरतो. मग तूट कुठून भरायची? तिच्या अंगातून.

व्याल्यावरही हे थांबत नाही. दुभत्या संकरित गाईचे दूध पाचव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत चढत जाते. तिचे खाणे मात्र पुरते चढायला त्याहून महिनाभर जास्त लागतो. दूध पुढे आणि घास मागे, अशी ही शर्यत. या मधल्या काळात ती स्वतःच्या अंगावरची चरबी विरघळवून दूध देते. आधी कातडीखालची चरबी जाते, मग पाठीचे मांस जाते. फार वेगाने चरबी उतरली तर ती यकृतात साचते, गाय पेंड नाकारते आणि तोंडाला गोडसर उग्र वास येतो. त्या आजाराला आपले डॉक्टर किटोसिस म्हणतात. आपण म्हणतो, "नजर लागली."

आता इथे एक गोष्ट सांगतो, जी मालकाच्या डोळ्यांना हमखास फसवते. शेवटच्या दोन महिन्यांत गाईचे वजन वाढत असते. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले असते. बघणारा म्हणतो, गाय कशी गुटगुटीत झाली आहे! पण ते वजन वासराचे, वारीचे आणि गर्भजलाचे. तिचे स्वतःचे वजन त्याच वेळी घटत असू शकते. पोट वाढते आणि पाठ उतरते. लहान गावठी गाय घ्या. व्याली की एका दिवसात पंचवीस-तीस किलो कमी होतात आणि मग खरी गाय दिसते. कमरेची हाडे वर, शेपटीच्या मुळाशी खड्डे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. लोक म्हणतात, "विल्यावर खंगली." विल्यावर नाही, ती आधीच खंगली होती. फक्त पोटाने ते झाकून ठेवले होते.

हे सगळे उघडे-वाघडे पाहायचे असेल तर आपल्या भागात पाहून उपयोग नाही. आपल्याकडे पेंड, सलाईन, टॉनिकच्या बाटल्या यांच्याखाली गाईचे खरे रूप दबून जाते. त्यासाठी पालघर जिल्ह्यात कोसबाडकडे जावे. २०१४ पर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू तालुक्यातली ही कोसबाडची टेकडी आपल्याला माहीत असते ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे. पलीकडे तलासरी, त्यापलीकडे गुजरातची हद्द. किनाऱ्याकडे घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराकडे वारली पाडे, भाताची खाचरे आणि माळावरचे गवत.

तिथे आपल्यासारखी दावण नाही. गाय लहान चणीची, अडीचशे किलोच्या आत-बाहेर. कोकणातल्या अशा लहान गाईंना २०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा कुठे सरकारदरबारी त्यांना नाव आले. ती गाय दुधासाठी पाळतच नाहीत म्हटले तरी चालेल. लिटर-दोन लिटर दूध, त्यातले पुष्कळसे वासराचेच. कित्येक घरांत गाईची धार काढतच नाहीत. गाय हवी ती बैलासाठी आणि शेणासाठी. शेण राबासाठी लागते. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत अंथरून उन्हाळ्यात राब भाजतात, आणि पाऊस पडला की तिथे भात पेरतात. त्यामुळे तिथल्या गाईचा हिशेब लिटरमध्ये होत नाही, वासरांत होतो. दर वर्षी वासरू मिळाले तर गाय फायद्याची. नाही मिळाले तर ती शेण देणारी गाय.

मध्यंतरी एका कामानिमित्त त्या बाजूला जाणे झाले. एका पाड्यावर म्हाताऱ्याला विचारले, ही गाय किती वेळा व्याली? तो बोटांवर मोजून म्हणाला, एका वर्षाआड विते. त्याला त्यात वावगे काही वाटले नाही. सगळ्यांच्याच तशा वितात. मला मात्र परतीच्या वाटेवर तो हिशेब सुटेना. वर्षाआड म्हणजे निम्मी वासरे गेली. दहा वर्षे गाय सांभाळली तर पाच बैल-कालवडी होत्या कुठे?

त्या कधी पोटात राहिल्याच नाहीत. वर्षाला ३६५ दिवस, त्यातले २८० गाभणपणाचे. उरले ८५. या ८५ दिवसांत गाईने गर्भाशय पूर्ववत करायचे, त्यालाच सुमारे ४० दिवस जातात. मग माजावर यायचे आणि गाभण राहायचे. दोन माज चुकले की सहा आठवडे गेले. अंगात काही शिल्लक असेल तर हे जमते. अंग उतरलेले असेल तर शरीर पहिली गोष्ट बंद करते ती माज. अंगावर आणखी एक ओझे घेणे परवडत नाही म्हणून ती माजावरच येत नाही. त्यात वासरू दिवसभर पित असेल तर माज आणखी लांबतो. कोसबाडची गाय वांझ नाही, रोगट नाही. ती मोठी हिशेबी आहे. मिळकत पाहून खर्च करते.

आणि मिळकत किती, तर माळावरचे वाळलेले गवत. तिकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने कोरडे. गवत पावसाळ्यात तुरा येण्याच्या वेळी कापले तर त्यात कस असतो, पण तेव्हा वाळवणार कुठे? वरून धार लागलेली असते. म्हणून कापणी दसरा-दिवाळीच्या पुढे होते, आणि तोवर गवताचे बी झडून काडी उरते. त्या काडीत प्रथिने शेकडा तीन-चारपेक्षा जास्त नसतात. कोठीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला वैरणीत शेकडा सातच्या आसपास प्रथिने लागतात. त्याहून कमी असली की गवत पोटात नुसते पडून राहते. गाय भरल्या पोटाने उपाशी असते, आणि पोट भरलेले म्हणून आणखी खातही नाही. भाताच्या पेंढ्याचीही तीच गत. चैत्र-वैशाखात पाण्यासाठी चालणे वाढते ते वेगळेच. फॉस्फरस कमी पडला की गुरे हाडे, चिंध्या चघळताना दिसतात, त्याला आपण खोड म्हणतो.

या गवताचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. डहाणू-तलासरीच्या माळावरचे गवत पूर्वी गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे. तिथल्या म्हशींनी ते खाल्ले आणि मुंबईने दूध प्यायले. गवत कापणारा वारली होता, मालक आणि व्यापारी वेगळे. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो संप केला त्यात एक मोठी मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा पुष्कळांना माहीत आहे. त्याच्या मुळाशी हे गवतही होते हे आपण विसरतो. ज्या डोंगरातून एवढे गवत बाहेर गेले, त्या डोंगरातली गाय वर्षाआड विते!

आमचे काही सभासद म्हणतील, कोसबाड कुठे आणि आपण कुठे? आपल्या गोठ्यात पंधरा लिटरची होल्स्टिन आहे. खरे आहे. पण आतली गोष्ट एकच आहे. कोसबाडच्या गाईला तुटीचा काळ वर्षभर असतो, आपल्या गाईला विण्याच्या आगे-मागे चार महिने असतो. आणि आपली गाय दूध जास्त देते म्हणून तिची तूटही मोठी. आपल्याकडेसुद्धा "गाय उलटते", "गाय माज दाखवत नाही", "चार वेळा भरवली तरी राहिना" ही रड घरोघर आहे. मग आपण रेतन करणाऱ्याला दोष देतो, वळूच्या कांडीला दोष देतो. कांडी भरायच्या पाच महिने आधी गव्हाणीत काय होते, हे कुणी विचारत नाही.

बाहेरच्या देशांत यावर पुष्कळ काम झाले आहे. अमेरिकेत ज्या गाई मांसाच्या धंद्यासाठी पाळतात त्यांची धार काढत नाहीत. वासरू तिच्याच मागे पिते, आणि मालकाला हवे असते ते दर वर्षी एक वासरू. धंदा वेगळा, पण गाईचे काम कोसबाडच्या गाईसारखेच. म्हणून त्यांचा अनुभव तिथे लागू पडतो. नेब्रास्का राज्यात हेअरफोर्ड गाईंचे गट करून एक प्रयोग झाला, तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. काही गाईंना विण्यापूर्वी भरपूर, काहींना कमी. विल्यानंतरही पुन्हा तसेच. विण्यापूर्वी ज्यांना कमी मिळाले त्या उशिरा माजावर आल्या. विल्यानंतर ज्यांना कमी मिळाले त्यांच्यात गाभण राहण्याचे प्रमाण घटले. आधीची उपासमार आणि नंतरची उपासमार यांची शिक्षा वेगवेगळी आहे, हे त्यातून कळले. नंतर कितीही पेंड ओतली तरी आधीचे गेलेले दिवस परत येत नाहीत.

एक समज मात्र फार चिवट आहे, त्याचा इथेच समाचार घेतो. "गाभणीला जास्त खाऊ घालू नये, वासरू मोठं हुतंय आन् मग अडतंय." हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. उपाशी ठेवल्याने वासराचे वजन थोडे कमी होते, पण अडण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते असे दिसून आलेले नाही. गाईची कळा देण्याची ताकद मात्र कमी होते, वासरू लुळे निपजते, चीक कमी आणि पातळ येतो. पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला नाही तर ते वासरू पुढे हगवणीने जाते. म्हणजे अडू नये म्हणून उपाशी ठेवले आणि वासरू हगवणीत घालवले! वासरू अडते ते बहुधा कालवड लहान वयात भरवल्याने, किंवा लहान चणीच्या गाईला मोठ्या जातीची कांडी भरल्याने. तो दोष पेंडीचा नव्हे.

याचा अर्थ गाय माजवून ठेवावी असाही नाही. फार चरबी चढलेली गाय विल्यावर खातच नाही, तिचे हाल रोड गाईपेक्षाही जास्त होतात. म्हणून हाताने पाहायला शिकावे. कमरेच्या आडव्या हाडांच्या टोकांवर, शेवटच्या बरगड्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवावा. टोके टोचली, बरगड्या बोटांना वेगवेगळ्या लागल्या, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे असले तर गाय खाली आहे. हाडे थोडे दाबल्यावर लागली तर ठीक. दाबूनही लागली नाहीत तर जास्त आहे. डॉक्टर लोक याला एक ते पाच असे गुण देतात. विण्याच्या वेळी तीन-साडेतीनच्या दरम्यान गाय असावी, आणि विल्यानंतर अर्ध्या-एक गुणापेक्षा जास्त उतरू नये. हा हात आटवायच्या दिवशी फिरवावा. विण्याच्या दिवशी फिरवून काय उपयोग? आणि डोळ्यांवर विसंबू नये, पोट फसवते हे वर सांगितलेच आहे. आमच्या भगिनी रोज गाईच्या अंगावरून हात फिरवतातच, त्यांना हे शिकायला एक दिवस पुरेल. पुरुष मंडळींना जरा जास्त लागेल.

आता वाढ्याचा प्रश्न. कारखाना सुरू झाला की आपल्या भागात दुसरी वैरण दिसेनाशी होते. आपल्याच उसाचे वाढे तोडकऱ्यांकडून पेंढ्या मोजून आपणच विकत घेतो. ते असो. पण गळिताचा हंगाम आणि पुष्कळशा म्हशींचा विण्याचा काळ एकमेकांवर येतो, आणि मग गाभण जनावर, ताजे व्यालेले जनावर, सगळी निव्वळ वाढ्यावर. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. ते वैरणीतले कॅल्शियम बांधून टाकते आणि जनावराच्या अंगी लागू देत नाही. प्रथिनेही त्यात बेताचीच. म्हणून नुसत्या वाढ्यावरच्या म्हशीचे पोट भरलेले दिसते, आणि विल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मान कुशीकडे वळवून बसते. कान गार, उठवता उठत नाही. तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गारच असते. वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले तर तासाभरात उठते, उशीर झाला तर जाते.

वाढे टाकून द्या असे कोण म्हणेल? कापून, चुन्याची निवळी शिंपडून, मका, कडवळ किंवा कडबा यांच्यात मिसळून घालावे. विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र वाढे निम्म्याहून कमी करावे. आणि विण्यापूर्वी कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची जी टूम निघाली आहे ती दुभत्या जनावराच्या बाबतीत बंद करावी. आधी बाहेरून कॅल्शियम भरपूर मिळाले की हाडांतले काढायची शरीराची सवय सुस्तावते, आणि नेमक्या चिकाच्या दिवशी ते कमी पडते. बाटली विल्यानंतर, डॉक्टरांना विचारून.

खुराकाचे प्रमाण फार मोठे नाही. चारशे किलोच्या संकरित गाईला नेहमीच्या वैरणीवर शेवटचे दोन महिने रोज सरासरी दीड किलो खुराक द्यावा. सुरुवात किलोने करून शेवटच्या तीन आठवड्यांत दोनपर्यंत न्यावा. एकदम नाही, हळूहळू. त्याने कोठीपोटाला पुढच्या मोठ्या खुराकाची सवय होते, आणि ती सवय व्हायला चार ते सहा आठवडे लागतातच. लहान गावठी गाईला अर्धा ते एक किलो पुष्कळ. पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर युरियाची प्रक्रिया हा कोसबाडसारख्या भागाला खरा उपयोगी उपाय आहे. १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचे, आणि मग वास उडवून थोडे थोडे घालायचे. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी कधीही ठेवू नये, ते विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासरांनाही ती वैरण देऊ नये.

पण पत्रके छापून हे घरोघर पोचत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या सभासदकीत पाहिले आहे. इथे कोसबाडचेच उदाहरण घ्यावेसे वाटते. १९५७ साली ताराबाई आणि अनुताईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि मुले शिकताहेत. त्याच टेकडीवर आज गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. आपल्या कारखान्याकडे शेतकी खाते आहे, गटवार कर्मचारी आहेत, ते उसाच्या नोंदीसाठी बांधापर्यंत येतातच. बांधापासून गोठा किती लांब असतो हो?

म्हणून माझी सूचना अशी. आटलेल्या गाभण गाई-म्हशींसाठी खुराक उसाच्या बिलावर उधार मिळावा. दूध संस्था देऊ शकत नाही हे समजू शकते, तिच्याकडे कापून घ्यायला दूधच नसते. पण ऊस तर कारखान्याकडे नोंदलेला आहे! खत देतो, बेणे देतो, ते बिलातून कापतो. मग हे का नाही? एका गाईला दोन महिन्यांचा खुराक ९० किलो. पन्नास किलोची दोन पोतीसुद्धा पूर्ण भरत नाहीत. उलट बाजूला पाहा. गाय गाभण राहायला शंभर दिवस उशीर झाला, तर पुढच्या वेताआधी शंभर दिवस ती दुधाशिवाय किंवा उतरत्या दुधावर खाणार. रोजची वीस किलो वैरण धरली तरी दोन टन झाली. दोन टन वैरणीच्या मानाने दोन पोती जड वाटतात काय?

काही मंडळी लगेच विचारतील, गाय खरोखर गाभण आहे हे ठरवायचे कुणी? लोक दुभत्या गाईला पेंड घालून गाभणीच्या नावावर खपवतील. खपवतील, नाही कोण म्हणतो? पण रेतनाची तारीख नोंदलेली असते, तीन महिन्यांनी डॉक्टर तपासून दाखला देऊ शकतात. गाईला रेतनापासून २२० दिवस आणि म्हशीला २५० दिवस झाले की माल द्यावा, त्याआधी नाही. म्हैस ३१० दिवसांनी विते, म्हणून तिचा आकडा वेगळा. थोडी चोरी होईल. खताच्या उधारीतही होते, म्हणून आपण खत देणे बंद केलेले नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे. ज्याच्या नावावर ऊस नाही, पण गाय आहे, त्याचे काय? आपल्या गावांत असे पुष्कळ आहेत, आणि हंगामात तोडीला येणाऱ्यांकडेही जनावरे असतात. उसाच्या बिलावरची योजना त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी दूध संस्थेनेच पुढच्या वेताच्या दुधावर उधारी द्यावी आणि कारखान्याने तिला हमी द्यावी, असे मला सुचते. संचालक मंडळाला दुसरा मार्ग सुचला तर तो मांडावा.

हा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आणण्याचा विचार आहे. ज्यांना तो पटेल त्यांनी आपल्या गटातील गाभण जनावरांची यादी, रेतनाच्या तारखेसह, शेतकी खात्याकडे आधी द्यावी, म्हणजे किती पोती लागतील याचा अंदाज सभेत सांगता येईल. पोत्यांबरोबर प्रत्येक जनावरामागे तीन किलो खनिज मिश्रणही धरावे. रोज पन्नास ग्रॅमप्रमाणे साठ दिवसांना तेवढेच लागते.